कंट्रोलर काकाजींची पाशिंजरं

मला कोणी फसवू शकत नाही, असं मी पूर्वी छातीठोकपणे सांगायची. मग उमरखेडला बदली झाली आणि पहिल्याच सकाळी एका पोपटानं मला अनवाणी बसस्टँडवर पळवलं.

झालं असं, की तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर रुजू होण्याआधी मला पुसदला एका ट्रेनिंगला जायचं होतं. खोली मिळाली होती बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, माडीवर. मी आरशासमोर वेणी घालत होते, तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्या. पुसदला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." मग एक खोकला, आणि परत तेच. मी अर्धी वेणी तशीच लोंबती ठेवून पिशवी उचलली आणि धूम ठोकली. फलाट दोनवर एक कुत्रं झोपलेलं होतं. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं, तर त्यानं आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग वेणीकडे, आणि शांतपणे म्हणाला, "कंट्रोलर काकाजीकडं खोली घेतली काय?"

ते माझे घरमालक. आयुष्यभर त्यांनी उमरखेडच्या स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या होत्या. निवृत्त झाल्यावर माइक स्टँडवर राहिला आणि आवाज घरी आला. त्यांच्या व्हरांड्यात एक मोठा पहाडी मिठू होता, खांद्यावर लाल डाग असलेला, आणि त्यानं मालकाची अख्खी नोकरी खोकल्यासकट पाठ केली होती. मी तणतणत परत आले तर काकाजी दारात उभे. माफी वगैरे काही नाही. म्हणाले, "गाडीले अजून टाइम आहे म्याडम. तो थोडा आधीच लावते. पाशिंजर गाफील राह्यले नाई पाह्यजे."

मी मूळची घाटंजीची. आमच्याकडे माणसं तिरपी बोलतात, पण हा माणूस वेगळाच होता. त्यांचं सगळं बोलणं स्टँडवरचं. जेवायला बोलवायचं असलं की "ताट लागलं, बसून घ्या" असं आतून पुकारायचे. पाहुणे फार वेळ रेंगाळले की घड्याळाकडे बघून म्हणायचे, "सुटा आता, मागं दुसरी गाडी उभी आहे." गल्लीतली एक फार म्हातारी बाई गेली तेव्हा मयताला जमलेल्या माणसांत हे हळहळून म्हणाले, "बिचारीची गाडी लई लेट झाली हो." हसावं की रडावं, कोणाला कळेना. शेवटी त्या म्हातारीचा मुलगाच हसला आणि मग सगळ्यांना मोकळं वाटलं.

काकू मात्र कमी बोलायच्या, आणि जे बोलायच्या ते लागायचं. नवऱ्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "याईनं जिंदगीभर दुसऱ्याले गाडीत बसवलं, मले अजून शेगाव दाखवलं नाई."

आता जनावरांचं सांगते. मला जनावरांचं प्रेम म्हणाल तर शून्य. मांजर आडवी गेली तर मी रस्ता बदलते, अपशकुनासाठी नाही, मांजरीसाठी. आणि माझ्या नशिबी हे घर. मी आले तेव्हा मिठूशिवाय तिथं एक पाणकासव होतं, कानामागे लाल पट्टा असलेलं, परदेशी. नांदेडच्या कुठल्याशा दुकानातून कोणीतरी पोराच्या वाढदिवसाला घेतलं, ते वाढत वाढत ताटाएवढं झालं, तेव्हा एका संध्याकाळी बादलीसकट स्टँडच्या बाकावर सोडून दिलं. काकाजींनी ते घरी आणलं. त्याचं नाव मुक्कामी. म्हणजे जी गाडी रात्री खेड्यात जाऊन तिथंच राहते ती. "हे एकदा बसलं की सकाळशिवाय हालत नाई," म्हणायचे.

नोकरीत असतानाही त्यांची हीच खोड होती, असं काकू सांगायच्या. शेवटची गाडी चुकलेलं माणूस बाकावर दिसलं की हे घरी यायचेच नाहीत. त्याच्याजवळ बसून राहायचे. फुलसावंगीची एक बाळंतीण आणि तिची आई अशाच एकदा थेट आमच्या ओट्यावर येऊन झोपल्या होत्या म्हणे. काकाजींचं म्हणणं साधं होतं. "गाडी चुकली म्हून पाशिंजर संपत नाई. त्याले फक्त बसाले जागा लागते."

मग ती बंदीची आवई उठली. खरं तर बंदी नव्हतीच. परदेशी जनावरं, पक्षी घरात असतील तर सरकारकडे ऑनलाइन नोंद करा, एवढाच नियम आला होता. पण आपल्याकडे नियम मोबाइलवरून फिरत फिरत गल्लीत पोचेपर्यंत त्याला शिंगं फुटतात. पुसदहून निघाला तेव्हा "नोंद करा" होता, महागावला "दंड" झाला आणि उमरखेडला येईस्तोवर थेट जेल. ज्यांनी ज्यांनी हौसेनं नांदेडहून, नागपूरहून रंगीबेरंगी काही आणलं होतं, त्यांची तंतरली. आणि सोडायचं कुठं, तर सगळ्या गावाला एकच पत्ता माहीत.

एका आठवड्यात आमच्या फाटकाला पिंजरे लटकायला लागले. सकाळी दूधवाला आधी ते बाजूला करायचा आणि मग बेल वाजवायचा. तुरेवाल्या राखी पक्ष्यांची एक जोडी आली. चाकावर धावणारा एक पांढरा उंदीर आला, ज्याला उंदीर म्हटलेलं काकाजींना आवडायचं नाही. एक साहेबी जोडपं तर मोटारीतून उतरून मला रस्ता विचारायला लागलं, आणि मी हात लांब करून नांदेड रोड दाखवते आहे तोवर मागच्या मागे बाईंनी पायरीवर खोकं ठेवलं. खोक्यात हिरवागार, पाठीवर करवतीसारखे दाते असलेला हातभर सरडा. मी जी किंचाळले ती स्टँडपर्यंत गेली असणार. जोडपं पळालं. काकाजी धावत आले, खोक्यात वाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न काय, तर "हा खाते काय?"

तो इग्वाना. जास्वंदीची फुलं खायचा. काकूंची जास्वंद गणपतीसाठी होती, त्यामुळे रोज सकाळी घरात महायुद्ध. शेवटी तह झाला: पहिलं फूल देवाला, बाकी सरड्याला. तो दिवसभर उन्हात एका जागी असा पडून राहायचा की जिवंत आहे की नाही याची शंका यावी, म्हणून त्याचं नाव ठेवलं ब्रेकडाऊन. धावणारा उंदीर विनाथांबा. तुरेवाली जोडी नखरेल, ती निमआराम. प्रत्येक पिंजऱ्यावर काकाजींनी पांढऱ्या रंगानं फलाटाचा नंबर घातला. मिठूला तेवढं दुसरं नाव नव्हतं. तो मिठूच, आणि त्याचा फलाट दोन.

ब्रेकडाऊनमुळे गल्लीत भलताच घोळ झाला. बघणाऱ्यांना तो घोरपड वाटायचा. आणि घोरपडीचं तेल गुडघ्याला लावलं की म्हातारपण पळतं, ही आपल्याकडची जुनी खुळी समजूत. शेजारचे एक आजोबा रोज काठी टेकत यायचे, सरड्याकडे आशेनं बघायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, "जरासं भेटन काय?" काकाजींनी बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एकदा अगदी गंभीरपणे म्हणाले, "आजोबा, हे परदेशी पाशिंजर आहे. याचं तेल परदेशी गुडघ्यालेच लागते." आजोबांना ते पटलं. मला आजही कळत नाही की ह्यात पटण्यासारखं काय होतं.

नोंदी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात चालणारा मोबाइल माझा. ब्रेकडाऊनचा फोटो काढायला मी पदरानं नाक झाकून गेले होते, का ते विचारू नका. एकेकाचं करत करत परदेशी सगळे झाले. मी मोबाइल ठेवला, तर काकाजी म्हणाले, "मिठूचं राह्यलं."

मी सांगितलं, की यात आपल्या देशी पोपटाचा रकानाच नाही. आणि गावात प्रत्येक तिसऱ्या घरात मिठू आहे, कोणी कधी विचारलंय का? काकू आतून म्हणाल्या, "गप बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची." पण ज्या माणसानं जन्मभर चेकरच्या आधी विनातिकीट माणूस ओळखला, तो गप कसा बसणार? म्हणाले, "बाकी साऱ्याईचं तिकीट फाडलं, अन् घरचाच तेवढा फुकट बसवू?" रकाना नाही तर नाही. त्यांनी साध्या कागदावर अर्ज लिहिला, की माझ्याकडे एक देशी मिठू आहे, त्याचीही नोंद व्हावी ही विनंती, आणि स्वतः नेऊन वनखात्याच्या पुसदच्या ऑफिसात दिला. पोच घेऊन आले. वर मला ती पोच दाखवून म्हणाले, पहा, किती सोपं असते.

देशी पोपट पाळायलाच बंदी आहे, आणि ती कालपरवाची नाही, फार जुनी आहे, हे आमच्यापैकी कोणालाच धड माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी ते स्वतःला सांगितलं नव्हतं.

जीप आली ती ऐन सकाळी. गल्लीत बातमी जीपच्या पुढे पळाली होती. मी माडीवरून पाहिलं, तर घराघरांतून बाया बाहेर येऊन पिंजऱ्यांवर टॉवेल, चादरी, लुगडी टाकत होत्या. गल्ली चिडीचूप. आणि ज्या क्षणी जीपचं इंजिन बंद झालं, त्या क्षणी चादरीखालून एक मिठू ओरडला. मग दुसरा. अंधार केला की झोपतील असं बायांना वाटलं होतं, पण दिवसाढवळ्या अंगावर लुगडं पडल्यावर कोण झोपेल? कोणी "विठ्ठल विठ्ठल" म्हणतंय, कोणी "दूध आलं, दूध", आणि एका घरातला तर सासूच्या आवाजात सुनेला बोलावतोय. त्या घरची सून तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकलेली. वनाधिकारी तरुण होते, कोल्हापूरकडचे असावेत बोलण्यावरून. ते मधोमध उभे राहिले, सगळ्या गल्लीवरून एकदा नजर फिरवली आणि मोठ्यानं म्हणाले, "आज मी एकाच घरचा अर्ज घेऊन आलोय." गल्लीनं एकदम सोडलेला श्वास मला माडीवर ऐकू आला.

व्हरांड्यात मिठूनं त्यांना पुसदच्या गाडीची खबर दिली. साहेब हसले. परदेशी मंडळी त्यांनी एकेक करून पाहिली, कासवापाशी खाली बसून बोलले, सगळं नीट आहे म्हणाले, शाबासकी दिली. मग चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काका, हे सगळे राहू देत. पण मिठूला मला न्यावं लागेल."

काकाजींना आधी वाटलं ते मस्करी करताहेत. मग चेहरा पाहिला. म्हणाले, "म्हंजे घरच्याले बंदी, अन् पाव्हण्याले परमिशन?"

"हो," साहेब म्हणाले. "कारण घरचा घरात राहणारा नाही. तो तिकडचा आहे."

मला तेव्हा साहेबांचा राग आला होता. मिठूच्या पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडंच असायचं. काकाजी दाढी करताना तो त्यांच्या खांद्यावर बसून आरशात पाहायचा. काकाजी जेवले नाहीत तर तोही दाण्याला शिवायचा नाही. दोन मुली लग्न होऊन गेल्यावर त्या घरात जो काही बोलण्याचा आवाज उरला होता, तो या दोघांचा. हे सगळं मी बोलून टाकलं, जरा चढ्या आवाजातच. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग काकाजींना विचारलं, की हा तुमच्याकडे आला कसा?

आणि काकाजी सांगायला लागले. गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली होती, पण त्या दिवशी ती सांगताना मधेच अडखळली. नांदेड गाडी लागली होती. एका माणसाच्या हातात टोपली, वर ओला फडका, आत पिलं. टोपली टपावर चढवताना एक पिल्लू खाली पडलं, पंखही न फुटलेलं. गाडी निघून गेली. हे राहिलं. काकूंनी कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजून जगवलं. एवढीच गोष्ट. पण त्या दिवशी ते पुढे म्हणाले, "टोपली नीट बांध म्हून हमालाले मीच आवाज देल्ला होता. सामान पडू नाई म्हून." आणि मग साहेबांकडे बघून विचारलं, "त्या बाकीच्याईचं काय झालं असन?"

साहेबांनी खोटं सांगितलं नाही. "बहुतेक टोपलीतच मरतात, काका. ढोलीतून काढतानाच कितीतरी जातात. लोक घेतात म्हणून काढतात. म्हणून तर बंदी."

काकाजी खूप वेळ मिठूकडे बघत बसले. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या. मला खात्री होती, आता हा माणूस हात जोडणार, ओळखी काढणार, निदान रडणार. ते उठले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, "जीपमंदी नको. तो घाबरन. मी सोता आणून देतो पुसदले, एसटीनं."

बातमी फुटली आणि गल्ली त्यांच्यावर तुटून पडली. काकाजींनी स्वतःचाच पोपट करून घेतला, हा विनोद त्या आठवड्यात मी इतक्या तोंडून ऐकला की मला त्याची चीड आली. आणि विनोदाखाली राग होता. यांच्या अर्जामुळे उद्या आमच्या दारात जीप आली तर? भाजीवालीनं काकूंशी बोलणं टाकलं. काकू घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. तिची मेथी तशीही किडकीच असते."

पुसदला निघालो तो दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. मला दवाखान्यातले रक्ताचे नमुने पोचवायचे होते म्हणून मी बरोबर होते, निदान मी सगळ्यांना तसं सांगितलं. काकूंनी डब्यात हिरव्या मिरच्या आणि भिजवलेली चण्याची डाळ दिली, मिठूच्या प्रवासाची शिदोरी. स्टँडवर जुने ड्रायव्हर, कंडक्टर, कँटीनवाला, सगळे भेटायला आलेले. काकाजींनी मिठूचं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, काकाजी, पोपटाचं कायचं तिकीट? काकाजी ऐकेनात. शेवटी त्या बिचाऱ्यानं अर्धं तिकीट फाडलं आणि मिठूनं ते चोचीत धरून चघळून टाकलं.

गाडी सुटली आणि मिठूला कंठ फुटला. इतकी वर्षं ज्या गाडीची घोषणा केली तिच्यात तो पहिल्यांदाच बसला होता. प्रत्येक थांब्यावर बेल वाजली की लगेच, "पुसदला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर..." मधल्या एका गावी एक आजी गाढ झोपेतून उठल्या, पुसद आलं असं समजून बोचकं घेऊन खाली उतरल्या. गाडी हलली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं. कंडक्टरनं बेल मारली, गाडी मागे घेतली, आजींना वर चढवलं. आजींनी चौकशी केली की हा कोण पुकारून राह्यला? पोपट, म्हटल्यावर त्या काकाजींना म्हणाल्या, "आवाज लई जबाबदार आहे हो त्याचा." अख्खी गाडी हसत होती. काकाजीही हसत होते, आणि मधे मधे गळ्यातल्या दुपट्ट्यानं नाक पुसत होते.

ऑफिसात साहेबांनी सांगितलं, की आता याला इथल्या पक्ष्यांच्या केंद्रात दुसऱ्या पोपटांत ठेवायचं. उडायची ताकद यायला हवी, झाडावरचं खायला शिकायला हवं, आणि माणसाची भाषा सुटायला हवी. जमलं तर जंगलात सोडू. नाही जमलं तर तिथंच मोठ्या पिंजऱ्यात राहील. आणि तोवर तुम्ही भेटायचं नाही. तुमचा आवाज कानावर पडला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. काकाजी म्हणाले बरं. परतीच्या गाडीत त्यांनी शेजारची जागा रिकामी ठेवली आणि दोन बायांना बसू दिलं नाही. तिसरीला बसू दिलं, कारण तिच्या कडेवर लेकरू होतं.

मग सकाळ मुकी झाली. गल्लीला तेव्हा कळलं की आपण कशावर उठत होतो. शाळेची पोरं उशिरा निघायला लागली, माझा डबा दोनदा राहिला. भाजीवाली स्वतःहून काकूंना मेथी देऊन गेली. हळूहळू दोन-तीन घरांनी आपले मिठू गुपचूप काकाजींकडे आणून दिले, आणि ते घेऊन हे पुन्हा पुसदच्या गाडीत. बाकीच्या घरांत टॉवेलखाली काय आहे, ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. माझं तोंड काकाजींसारखं नाही.

काकाजी बाजाराच्या निमित्तानं उगाचच पुसदला जायला लागले. उमरखेडला मिळत नाही अशी कुठली भाजी पुसदला मिळते, हे काकूंनी कधी विचारलं नाही. मला म्हणाल्या, "त्या केंद्राच्या फाटकापर्यंत जाते अन् वापस येते. आत जाते म्हटलं असतं तर मीच भांडली असती."

एकदा साहेबांचा फोन आला. काकाजींनी मोबाइल कानापासून हातभर लांब धरला, तरी मला सगळं ऐकू येत होतं. साहेब हसत होते. मिठू भाषा विसरायचं सोडा, त्यानं केंद्रातल्या बाकीच्या पोपटांना पण शिकवली. रोज सकाळी अख्खा पिंजरा पुसदची गाडी लावतोय. काकाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि काकूंनी पाठीवर थापट्या मारता मारता स्वतःचे डोळे पुसले. मग त्यांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "म्याडम, हे हासण्याचं काम नाई. बोलत राह्यला तर सुटन कसा?"

तीच त्यांची काळजी झाली. दुसरं कोणी असतं तर मनात म्हटलं असतं, की बोलतच राहू दे, म्हणजे परत आपल्याकडे येईल. यांना उलटी धाकधूक. ब्रेकडाऊनला जास्वंद भरवताना, मुक्कामीचं पाणी बदलताना एकच बोलणं, तो बोलणं सोडन ना? लेकरू बोबडं बोलायला लागावं म्हणून आईबाप देव पाण्यात घालतात. हा माणूस आपलं लेकरू आपली बोली विसरावं म्हणून झुरत होता. माझ्या त्या जनावरांवरच्या शून्य प्रेमाचं काय झालं, ते तुम्ही विचारू नका. मी रोज दवाखान्यातून आल्यावर आधी विचारायची, फोन आला का?

आला एकदाचा. मिठू गप्प झाला होता. म्हणजे ओरडायचा, पण पोपटासारखा. पैनगंगेच्या जंगलात थव्याबरोबर सोडणार होते. साहेबांनी आम्हाला बोलावलं, पण अट घातली: लांब उभं राहायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. त्याला तुमचा आवाज आला तर तो सरळ खांद्यावर येईल, आणि मग मी परत त्याला सोडू शकणार नाही.

त्या सकाळी सागाच्या झाडांआड आम्ही तिघं उभे होतो. समोर मोकळ्या जागेत जाळीची मोठी खोली, झाडाच्या फांद्यांनी भरलेली. तिचं एक दार दोरीनं वर ओढलं आणि माणसं मागे सरली. आधी एक पोपट बाहेर आला, मग चार-पाच, मग हिरवा झोतच. कोणता आपला, कळेना. मग सगळे गेल्यावर चौकटीवर एक जण उरला. खांद्यावर लाल डाग. मान तिरपी करून तो इकडेतिकडे बघायला लागला, अगदी आरशात बघायचा तसा.

मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं होतं. ज्या माणसानं जन्मभर गावाला हाका मारल्या, त्याच्या घशात एक हाक अडकली होती. फक्त "मिठू" म्हटलं असतं, तरी तो आला असता. काकूंनी त्यांचं मनगट गच्च धरून ठेवलं होतं. चौकटीवरचा पक्षी बराच वेळ बसला. मला वाटलं, माझ्याच तोंडून काहीतरी निघेल. मग दूर थव्यातून कोणीतरी ओरडलं, यानं कर्कश उत्तर दिलं, अजिबात मराठी नसलेलं, आणि उडाला. आधी जरा खाली गेला, मग सावरला, मग सागांच्या शेंड्यांवरून पार नदीकडे गेला.

साहेबांनी येऊन काकाजींचा हात हातात घेतला. काकाजींनी तोंडातला दुपट्टा काढला नाही. परतताना साहेबांची जीप ढाणकीला आली. तिथं चहाला थांबलो. काकाजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलले, "पाह्यलं तुमी? लेकाच्यानं वळूनबी पाह्यलं नाई."

काकू म्हणाल्या, "मंग रडता कायले?"

"रडून कोन राह्यलं?" ते म्हणाले, आणि खरोखरच चेहराभर हसत होते, डोळ्यांतून धारा लागलेल्या असतानाही. बशी तोंडाला लावून त्यांनी एका घोटात चहा संपवला. "मी लई पाशिंजर पाह्यले म्याडम. जे खिडकीतून मागं पाहत राह्यते, त्याचं मन गावातच असते, ते दोन दिवसात वापस येते. जे पाहत नाई ना, ते पोचते. आपला पोचला."